जनुकीय ठसा आणि ‘निर्णायक पुरावा’ : एका न्यायनिर्णयाची चिकित्सा

न्यायालयांचे निर्णय विज्ञानविवेचन म्हणून वाचण्याची आपल्याकडे फारशी प्रथा नाही. वकील ते नजीर म्हणून वाचतात, वृत्तपत्रे बातमी म्हणून वाचतात आणि विज्ञानाचे विद्यार्थी बहुधा वाचतच नाहीत. वास्तविक आनुवंशिकतेचा रेण्वीय पाया हा जो विषय आपण पदव्युत्तर वर्गात सूत्रे आणि आकृत्या यांच्या साहाय्याने शिकवतो, त्याचे सर्वांत जड पाऊल समाजात पडते ते प्रयोगशाळेत नव्हे, न्यायालयात. हुडकेश्वर येथील काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमवेत प्रस्तुत लेखकाने सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा एक निर्णय ओळीओळीने वाचला, त्या वेळी एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न अगदी साधा होता : “किती स्थानकांवर जुळले नाही?” निकालपत्राच्या विवेचनात या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही. प्रस्तुत टिपणाचे निमित्त हेच होय.

हा निर्णय विदर्भाच्या मातीतला आहे. येथील एका दांपत्यामधील पोटगीचा वाद दंडाधिकाऱ्यांपासून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठामार्गे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पत्नीने स्वतःसाठी आणि मुलीसाठी पोटगी मागितली होती. पतीचे म्हणणे असे की, पत्नीशी आपला अनेक वर्षे संबंधच नव्हता, सबब ही मुलगी आपली नव्हे. खालच्या न्यायालयांनी पोटगी मंजूर केली. सर्वोच्च न्यायालयाने डीएनए तपासणीचा आदेश दिला. ती नागपूरच्या प्रादेशिक न्यायसाहाय्यक विज्ञान प्रयोगशाळेत झाली आणि पती हा मुलीचा जैविक पिता असू शकत नाही असा अहवाल आला. पत्नीच्या बाजूने फेरतपासणीची मागणी झाली; ती मान्य होऊन हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी झाली आणि निष्कर्ष तोच निघाला. ६ जानेवारी २०१४ रोजी न्या. चंद्रमौळी कुमार प्रसाद आणि न्या. जगदीशसिंह खेहर यांच्या खंडपीठाने मुलीच्या पोटगीचा आदेश रद्द केला. पक्षकारांची नावे येथे मुद्दाम देत नाही. ती कायद्याच्या ग्रंथांतून छापली गेली आहेत हे खरे. परंतु त्या नावांपैकी एक नाव अशा व्यक्तीचे आहे की जिने या वादात काहीच केले नव्हते, जिचे फक्त रक्त घेतले गेले.

निर्णयापुढील कायद्याचा पेच खरोखरच कठीण होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाचे कलम ११२ असे सांगत होते की, वैध विवाह अस्तित्वात असताना, अथवा तो संपुष्टात आल्यावर २८० दिवसांच्या आत आणि माता अविवाहित असताना जन्मलेले अपत्य हे त्या पतीचे औरस अपत्य असल्याचा ‘निर्णायक पुरावा’ मानावा. अपवाद एकच, गर्भधारणा होऊ शकली असती अशा काळात पतिपत्नींना परस्परांच्या सहवासाची संधीच नव्हती असे दाखवता आले तर. ‘निर्णायक पुरावा’ या संज्ञेचा अर्थ त्याच अधिनियमाच्या चौथ्या कलमात होता : एक गोष्ट सिद्ध झाली की दुसरी सिद्ध मानावयाची आणि ती खोटी ठरवण्यासाठी पुरावा घ्यावयाचाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये रक्ततपासणीचे आदेश सरसकट देऊ नयेत असे बजावले होते, आणि २००१ मध्ये तर डीएनए तपासणीचा निष्कर्ष कितीही अचूक असला तरी या कलमाच्या निर्णायकतेतून सुटण्यास तो पुरेसा नाही असे म्हटले होते. २०१४ च्या खंडपीठाने या प्रवाहाविरुद्ध जाऊन असे प्रतिपादिले की, कलम ११२ हे केवळ अनुमान आहे, डीएनए अहवाल ही सिद्ध वस्तुस्थिती आहे, आणि अनुमान व वस्तुस्थिती यांचा संघर्ष झाल्यास अनुमानाने माघार घ्यावी. निष्पाप अपत्याला अनौरसतेचा कलंक लागू नये याची जाणीव आपणास आहे, परंतु सत्य नाकारता येत नाही, अशी भूमिका त्यात घेतलेली आहे. या कलमाच्या निर्मात्यांना डीएनएची कल्पनाही नव्हती, हा त्या युक्तिवादाचा एक प्रमुख आधारस्तंभ होय.

आता या ‘सिद्ध वस्तुस्थिती’चे स्वरूप काय असते ते पाहू. येथे निकालपत्राने ज्या सहजतेने पाऊल टाकले आहे, त्या सहजतेचा विज्ञानाला हेवा वाटावा.

डीएनए हा आनुवंशिकतेचा वाहक आहे हे १९४४ मध्ये अ‍ॅव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी न्युमोकॉकस जंतूंवरील प्रयोगांनी दाखवले. त्याची दुपेडी रचना १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी, रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्षकिरण छायाचित्रणाचा आधार घेऊन, मांडली. तिचा अर्थ लावणारी संकेतावली उलगडण्यात हरगोविंद खोराना यांचा वाटा होता व त्याबद्दल त्यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हा इतिहास प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, तेव्हा येथे त्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही. पाठ्यपुस्तकांत जे पुरेसे ठळकपणे येत नाही ते असे : मानवी जनुकसंचाच्या सुमारे तीन अब्ज आधारजोड्यांपैकी प्रथिनांचे संकेत देणारा भाग शेकडा दोनाच्या आसपास आहे, आणि ओळख पटवणारी तपासणी हा भाग वाचतच नाही. ती वाचते ते दोन ते सहा अक्षरांच्या लहानशा तुकड्यांची लागोपाठ होणारी पुनरावृत्ती. एखाद्याच्या गुणसूत्रावर विशिष्ट ठिकाणी एक तुकडा सात वेळा येतो, दुसऱ्याच्या नऊ वेळा. त्या आवर्तनांची संख्या मोजणे एवढेच काम. यांतील काही स्थानके जनुकाच्या आतच बसलेली आहेत. टीएच-०१ नावाचे प्रसिद्ध स्थानक अकराव्या गुणसूत्रावरील टायरोसीन हायड्रॉक्सिलेज या विकराच्या जनुकात आहे. पण ते आहे जनुकाच्या अशा पोटभागात, की जनुकाची अभिव्यक्ती होताना, म्हणजे डीएनएवरून आरएनएची प्रत उतरल्यावर, तो भाग कातरून टाकला जातो आणि प्रथिनात त्याचा मागमूस राहत नाही.

या गोष्टीचा मथितार्थ न्यायालयीन चर्चेत क्वचितच लक्षात घेतला जातो. यकृतपेशी आणि चेतापेशी यांचा डीएनए एकच. भिन्न आहे ती अभिव्यक्ती, कोणते जनुक केव्हा व किती बोलते हे. जेकब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये जंतूंच्या संदर्भात या नियंत्रणाचा जो आराखडा मांडला, तेथून जीवशास्त्राची दृष्टी ‘काय लिहिले आहे’ यावरून ‘काय वाचले जाते’ याकडे वळली. माणसाचे रूप, प्रकृती, आवाज, बापाची आठवण करून देणारी चालण्याची लकब, हे सारे जे काही असेल ते या वाचनाच्या आणि परिस्थितीच्या प्रदेशातले आहे. ओळखीची तपासणी याच्या नेमके उलट, मुक्या प्रदेशात काम करते; आणि म्हणूनच ती उपयोगी आहे. रक्त घ्या, लाळ घ्या, केसाचे मूळ घ्या, आवर्तनांची संख्या तीच. अभिव्यक्तीपासून अलिप्त असणे हेच तिचे बळ आहे. तेव्हा डीएनए तपासणीने ‘ही मुलगी कोण आहे’ हे सांगितले, असे जे म्हटले जाते ते बरोबर नाही. तिने इतकेच सांगितले की, काही मुक्या मजकुराची प्रत अमुक माणसाकडून आलेली दिसत नाही.

‘ठसा’ या शब्दाचेही थोडे बोलले पाहिजे. १० सप्टेंबर १९८४ रोजी लेस्टर विद्यापीठात अलेक जेफ्रीज यांना प्रत्येक व्यक्तीत निराळा दिसणारा पट्ट्यांचा आकृतिबंध आढळला आणि बोटांच्या ठशांवरून त्यांनी त्यास नाव दिले. नाव आकर्षक होते आणि आपण ते ‘जनुकीय ठसा’, ‘डीएनए अंगुलिमुद्रा’ असे जसेच्या तसे उचलले. परंतु उपमा दोन ठिकाणी फसते. एकरूप जुळ्यांचे बोटांचे ठसे भिन्न असतात, डीएनएचा हा आकृतिबंध मात्र त्यांच्यात वेगळा काढता येत नाही. दुसरे असे की, बोटाचा ठसा एकट्या माणसाचा असतो. बापाच्या अंगठ्यावरून लेकाचा अंगठा सांगता येत नाही. डीएनएचा आकृतिबंध अर्धा आईचा, अर्धा बापाचा. तो कधीच एकट्याचा नसतो. मुलीचे रक्त घेतले म्हणजे आईविषयीही काही घेतले जाते. शिवाय आपल्या भाषेत अंगठा ‘उठवला’ जातो, ती संमतीची खूण आहे. सावकाराच्या कागदावर फसवून घेतलेल्या अंगठ्याविषयी आपल्याकडे चीड आहे ती त्यामुळेच. अज्ञान मुलीचे रक्त घेताना अंगठा कोणाचा उठला, हा प्रश्न ‘ठसा’ या शब्दातच दडलेला आहे. १८९७ मध्ये कलकत्त्यास बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले आणि अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरणाची पद्धत सिद्ध करण्यात मोठा भाग घेतला, तेव्हा प्रश्न एकाच गुन्हेगाराला दुसऱ्यांदा ओळखण्याचा होता. नात्याचा प्रश्न त्या शास्त्राने कधी हाती घेतलाच नाही.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. समजा, एखाद्या स्थानकावर आईकडे सहा व नऊ आवर्तने आहेत आणि मुलीकडे सात व नऊ. नऊ हा आकडा आईकडून आला असेल, तर सात हा पित्याकडून आलेला असलाच पाहिजे. कथित पित्याकडे आठ व अकरा निघाले, तर विसंगती आढळली. झाले काय? नाही. या आवर्तनांच्या जागी प्रत काढताना चूक होण्याचे प्रमाण जनुकसंचाच्या इतर भागांपेक्षा कितीतरी अधिक असते. अनेक स्थानकांचा विचार करता ते पिढीमागे सुमारे हजारात एक ते तीन इतके येते, आणि ही चूक बहुधा एकाच आवर्तनाची असते. आठाचे सात होणे हे याच जातीचे. पंधरा स्थानके तपासली आणि चुकीचे प्रमाण हजारी दोन धरले, तर शंभरातील सुमारे तीन खऱ्या पिता-अपत्य जोड्यांत कोठे तरी एक विसंगती दिसणारच. म्हणून जाणत्या प्रयोगशाळा एका विसंगतीवर पितृत्व नाकारीत नाहीत. दोन-तीन किंवा अधिक स्वतंत्र स्थानकांवर विसंगती आढळल्यावरच तसे म्हणतात. अशा स्थितीत ‘पिता असू शकत नाही’ हे एक वाक्य म्हणजे निष्कर्ष होय, पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे आकड्यांचा तक्ता. आठ स्थानकांवर विसंगती असेल तर निष्कर्ष अभेद्य. एकावर असेल तर तो निष्कर्षच नव्हे.

नागपूर आणि हैदराबाद या दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी एकच उत्तर दिले ही गोष्ट वजनदार आहे, यात संशय नाही. नमुन्यांची अदलाबदल, नोंदीतील चूक, रसायनांचा दोष या साऱ्या शंका फेरतपासणीने बव्हंशी मिटतात. खंडपीठाने ती फेरतपासणी मान्य केली, ही त्याची सावधगिरी प्रशंसनीयच म्हटली पाहिजे. बहुधा निष्कर्ष खराही असेल. आमचा आक्षेप निष्कर्षावर नाही; निष्कर्षालाच वस्तुस्थिती म्हणण्यावर आहे. फेरतपासणीनेही न मिटणाऱ्या शंका असतात. २००२ च्या सुमारास अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका स्त्रीला, तिच्या पोटी जन्मलेली मुले तिची नव्हेत, असे डीएनए तपासणीने सांगितले. पुढे उलगडा झाला तो असा की, तिच्या शरीरात दोन भिन्न गर्भांच्या पेशींचे मिश्रण होते. रक्तातील पेशी एका मूळच्या आणि मुलांना जन्म देणारी बीजे दुसऱ्या. शंभर वेळा रक्त तपासले असते तरी उत्तर तेच चुकीचे आले असते. हे अतिदुर्मिळ आहे, आणि विदर्भातील त्या खटल्यात असे काही होते असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. पण ज्या पुराव्यापुढे कायद्याचे ‘निर्णायक’ हे विशेषण नमते घ्यावयाचे, त्याच्या मर्यादांचा एक परिच्छेद तरी निकालपत्रात यावयास हवा होता.

ही अपेक्षा अवास्तव नाही, कारण सर्वोच्च न्यायालयानेच पुढे ती व्यक्त केली. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीतील एका बलात्कार व हत्येच्या प्रकरणात तीन आरोपींना दोषमुक्त करताना, तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळित यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने खालच्या न्यायालयांना दोष दिला तो याचसाठी की, डीएनए अहवालातील निष्कर्षांमागील आधार आणि वापरलेल्या तंत्राची विश्वसनीयता त्यांनी तपासलीच नाही. त्या निकालावर समाजात तीव्र प्रतिक्रिया उमटली, आणि त्याचे गुणदोष हा स्वतंत्र विषय आहे. परंतु फौजदारी खटल्यात आरोपीच्या वाट्याला येणारी ही चिकित्सा, दिवाणी स्वरूपाच्या वादात एका मुलीच्या वाट्याला येऊ नये, याची संगती कशी लावावयाची? फौजदारी प्रकरणात प्रश्न ‘जुळले का’ असा असतो आणि तेथे त्या आकृतिबंधाची समाजातील वारंवारता सांगावी लागते. पितृत्व नाकारताना वारंवारतेची गरज नसते, हा फरक खरा. मात्र विसंगतींची संख्या सांगण्याची गरज त्यामुळे नाहीशी होत नाही.

यानंतरचा दोष वैज्ञानिक नसून तर्काचा आहे. कलम ११२ ने विचारलेला प्रश्न ‘पिता कोण’ हा नव्हता. त्याने विचारले होते, ‘सहवासाची संधी होती की नव्हती’. पतिपत्नी एका घरात राहत असूनही गर्भ अन्य पुरुषापासून राहू शकतो. अशा प्रसंगी डीएनए अहवाल पितृत्व नाकारील, पण सहवासाचा अभाव त्याने सिद्ध होणार नाही. कायद्याने नेमके याच प्रसंगासाठी दार बंद केले होते. खंडपीठाने अहवालावरून पतीच्या असहवासाच्या म्हणण्याला बळकटी दिली, म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लिहिले. दुसरी एक वाट मोकळी होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालील पोटगी औरस आणि अनौरस अशा दोन्ही अपत्यांना मिळू शकत असे. तेव्हा तेथील प्रश्न औरसतेचा नसून पितृत्वाचा आहे, आणि कलम ११२ बोलते ते औरसतेविषयी, असा भेद करून निकाल लिहिता आला असता. ती मांडणीही वादग्रस्तच ठरली असती, पण ती निदान कायद्याच्या शब्दांशी बांधलेली राहिली असती. निकालपत्राचा भर मात्र अनुमान विरुद्ध सत्य या द्वंद्वावरच आहे.

आणि येथे आपल्या परंपरेतील एका जुन्या चर्चेची आठवण होते. बीज श्रेष्ठ की क्षेत्र, हा वाद धर्मशास्त्रकारांनी किती पिढ्या चालवला! मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. औरस, क्षेत्रज, दत्त यांच्यासमवेत पहिल्या सहांत, म्हणजे दायाद आणि बांधव असलेल्यांत, ‘गूढोत्पन्न’ येतो. घरात जन्मलेला, पण कोणापासून हे माहीत नाही, असा तो. तो कोणाचा? ज्याच्या पत्नीने त्यास जन्म दिला त्याचा. १८७२ च्या इंग्रजी धाटणीच्या कलमाने जे सांगितले तेच येथे निराळ्या वेषात आहे. पुढील निबंधकारांनी कलियुगात औरस आणि दत्तक एवढेच पुत्र ठेवून बाकीचे वर्ज्य केले, हे विसरता येत नाही. परंपरा एकमुखी नव्हती. तथापि जनकत्व आणि पितृत्व या दोन गोष्टी निरनिराळ्या असू शकतात, ही जाण तिला होती. दत्तक तर आजही त्याचे ढळढळीत उदाहरण आहे.

त्याहूनही चित्तवेधक आहे विज्ञानेश्वर. महाराष्ट्रात जिच्या आधारे शतकानुशतके दायविभाग झाले, त्या मिताक्षरेचा हा कर्ता, चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या कल्याणीचा. ‘सपिंड’ या शब्दातील पिंड म्हणजे श्राद्धातील भाताचा गोळा नव्हे, तर शरीर, असे त्याने प्रतिपादिले. बंगालच्या जीमूतवाहनाने बरोबर उलट भूमिका घेतली. पित्याच्या शरीराचे अवयव पुत्रात येतात, पितामहाचे पित्याच्या द्वारा येतात, तसेच मातेचेही, असे तो म्हणतो. हे वाचताना क्षणभर वाटते की, हा माणूस आपल्याच विभागात बसला आहे. पण त्याचे खरे मोठेपण यापुढच्या पायरीत आहे. शरीरसंबंध हाच निकष घेतला, तर या अनादि संसारात कोणाचा कोणाशी तो कसा तरी निघेलच. मग सर्वच सपिंड होतील. म्हणून पितृपक्षी सातव्या आणि मातृपक्षी पाचव्या पिढीपाशी ही गणना थांबवावी. स्वतःला पहिला धरून सातव्या पूर्वजापर्यंत गेले, तर त्याच्या जनुकसंचाचा सरासरीने चौसष्टावा भाग आपल्यात उरतो. त्यापलीकडे शून्य येते असे नाही, नुसते कमी होत जाते. रेघ निसर्गाने ओढलेली नाही, शास्त्राने ओढली आहे, आणि ती आपण ओढीत आहोत याचे भान विज्ञानेश्वराला होते. (१९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने तीच रेघ पाचव्या आणि तिसऱ्या पिढीवर आणली, त्यामुळे कोणाच्या रक्तात काही बदल झाला नाही.) २०१४ च्या निर्णयात हे भान दिसत नाही. शरीराचा संबंध तुटला असे कळताच नात्याचा संबंध आपोआप तुटतो, जणू तोडणारे न्यायालय नसून रेणूच आहे, असा त्याचा सूर आहे.

मराठीत ‘वारसा’ हा एकच शब्द आपण जनुकांसाठीही वापरतो आणि शेतीसाठीही. मिश्रणाला भाषेचीही थोडी साथ आहे, हे कबूल केले पाहिजे. आनुवंशिकीच्या अध्यापनात तरी ‘आनुवंशिकता’ आणि ‘वारसा’ यांची फारकत काटेकोरपणे पाळावी, असे लेखकाचे मत आहे.

निर्णयाचा जो आधारस्तंभ वर सांगितला, की कायदा करणाऱ्यांना डीएनए माहीत नव्हता, त्याची आज काय अवस्था आहे? विधी आयोगाने २००३ मध्ये आपल्या १८५ व्या अहवालात कलम ११२ मध्ये वैद्यकीय व डीएनए तपासणीवर आधारलेल्या अपवादांची भर घालण्याची शिफारस केली होती. वीस वर्षांनी, २०२३ मध्ये, संसदेने पुरावा कायदा नव्याने लिहिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये जुने कलम ११२, त्या २८० दिवसांसह, जवळजवळ अक्षरशः उतरले आहे. डीएनएचा अपवाद त्यात नाही. विधिमंडळाला आता डीएनए माहीत नव्हता असे कोण म्हणेल? डीएनए तंत्रज्ञानाच्या नियमनाचे विधेयक त्याच संसदेपुढे २०१९ पासून होते आणि जुलै २०२३ मध्ये ते मागे घेतले गेले. म्हणजे ज्ञान असूनही दार बंदच ठेवण्याची निवड झालेली आहे. ती योग्य की अयोग्य यावर मतभेद होऊ शकतील; पण अज्ञानाचा युक्तिवाद संपला, आणि त्याबरोबर २०१४ च्या निर्णयाचा एक पाय गेला.

न्यायालयाचा कलही पालटला आहे. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातील एका घटस्फोटाच्या प्रकरणात, पत्नीच्या व्यभिचाराचा पुरावा म्हणून मुलाच्या डीएनए तपासणीचा आदेश झाला होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला होता. २० फेब्रुवारी २०२३ रोजी न्या. रामसुब्रमण्यन आणि न्या. नागरत्ना यांच्या खंडपीठाने तो रद्द केला. अपत्य हे पतिपत्नींच्या वादातील साधन नव्हे. त्याच्या औरसतेवर उगाच प्रश्नचिन्ह उमटू नये हा त्याचाच हक्क आहे. व्यभिचार सिद्ध करावयाचा तर अन्य पुराव्याने करावा, असा त्या निर्णयाचा आशय. न्या. नागरत्ना यांचे विवेचन लांबलचक आहे आणि काही ठिकाणी पुनरुक्त, परंतु तपासणी कोणाच्या शरीराची आहे हे त्यात एकदाही नजरेआड होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात न्यायालयाने औरसता आणि पितृत्व ही कायद्याच्या दृष्टीने वेगळी काढता येत नाहीत असे सांगून तपासणी नाकारली. तेथे तर अन्य पुरुषाविरुद्ध पितृत्वाचा दावा होता. वर सुचवलेली दुसरी वाट या निर्णयाने बहुतांशी बुजवली आहे, हे आपल्या मताविरुद्ध जात असले तरी नोंदवणे प्राप्त आहे.

या तंत्राचा पहिलाच व्यावहारिक उपयोग पाहण्यासारखा आहे. १९८५ मध्ये घानाहून इंग्लंडला परतलेल्या एका मुलास, तो आपल्या आईचा मुलगाच नसल्याच्या संशयावरून, प्रवेश नाकारला जात होता. पिता उपलब्ध नव्हता. जेफ्रीज यांनी भावंडांच्या पट्ट्यांवरून पित्याचा आकृतिबंध जुळवला आणि मुलगा आईचाच असल्याचे दाखवले. त्याच सुमारास लेस्टरजवळच्या दोन खुनांच्या तपासात या तपासणीने प्रथम सोडवले ते कबुली देऊन बसलेल्या एका निरपराध तरुणास. खरा गुन्हेगार नंतर सापडला. भारतात लालजी सिंग यांनी मण्यार सर्पापासून लाभलेल्या अन्वेषकाच्या साहाय्याने हे तंत्र उभे केले आणि १९८९ मध्ये केरळातील थलश्शेरी येथे ते पितृत्व सिद्ध करण्यासाठी, म्हणजे अपत्याच्या बाजूने, वापरले गेले. नाकारण्याचे काम त्याच्या वाट्याला पुढे आले.

२०१४ च्या निकालपत्राच्या शेवटी एक आदेश आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. मुलीच्या पोटगीचा हुकूम रद्द करताना खंडपीठाने सांगितले की, आजवर जी रक्कम दिली गेली आहे ती परत वसूल करू नये. माणुसकीच्या दृष्टीने हा आदेश योग्यच आहे, आणि तो देताना न्यायमूर्तींच्या मनात त्या मुलीचा विचार होता असे दिसते. पण दोन प्रयोगशाळांचे अहवाल हीच जर संपूर्ण वस्तुस्थिती असेल, तर ती रक्कम इतकी वर्षे तिला कोणत्या नात्याने मिळाली होती, याविषयी निकालपत्र काही बोलत नाही.

— हुडकेश्वर, नागपूर